आशीर्वादाआधीची द्राक्षं

सायप्रस बेटावर कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी घरी फोन करून सांगितलं, की जिला सांभाळायचं आहे त्या म्हातारीला इथे सगळे नेने म्हणतात. वडिलांनी ती बातमी लगेच पारावर नेली. संध्याकाळपर्यंत उमापूरभर झालं, की पोरगी परदेशात नेन्यांच्या घरी आहे, पुण्याकडची माणसं असणार, खाणंपिणं स्वच्छ, काळजीचं कारण नाही. तिकडे नेने म्हणजे आजी, एवढंच मला सांगायचं होतं. पण वडील इतके निर्धास्त झाले होते, की म्हटलं राहू द्यावं. दिवाळीत आईने विचारलं, नेन्यांकडे फराळाला काय काय केलं, तर मी चकल्यासुद्धा सांगून टाकल्या.

आम्ही मेंढरंवाले. उमापूरला घर आहे, पण दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर आणि माणसं गोदाकाठी, कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवत. मी चुलत्याकडे राहून शिकले, बीडला नर्सिंगचा कोर्स केला, वडवणीच्या एका दवाखान्यात काही वर्षं काढली आणि मग मैत्रिणीच्या ओळखीने सायप्रसला, निकोसिया शहरात गेले. आता परत येऊन बीडच्याच एका दवाखान्यात आहे. दुपारी वॉर्डातल्या बायका निवांत झाल्या की विचारतात, ताई, तिकडं काय बघितलं? त्यांना समुद्र ऐकायचा असतो. समुद्राच्या काठी राहणं माझ्या वाट्याला आलंच नाही. मी त्यांना नेनेंचं देऊळ सांगते.

निकोसिया हे जुनं तटबंदीचं शहर. बीडच्या वेशी आता रिक्षांच्या गर्दीत शोधाव्या लागतात, पण तिथला तट अजून गोल उभा आहे, पोटात सगळं जुनं गाव घेऊन. आणि त्या गोलाच्या मधोमध एक रेषा गेली आहे. अलीकडे ग्रीक बोलणारे, पलीकडे तुर्की बोलणारे, मधे ओसाड पट्टा. नेने ह्या दोन्हींतल्या नव्हत्या. त्या आर्मेनियन. त्यांचे आईवडील लहानपणी तुर्कस्तानातून जीव वाचवून ह्या बेटावर आले होते. त्यामुळे नेने देवाशी आर्मेनियनमध्ये बोलायच्या, माझ्याशी मोडक्या इंग्रजीत, आणि शिव्या द्यायला त्यांना तुर्कीच लागायची, आईच्या तोंडून ऐकलेली.

एकदा मी अंघोळ घालत असताना त्यांनी हात पुढे करून "सबून, सबून" म्हटलं. मी साबण हातात दिला आणि मग आम्ही दोघी थबकलो. त्यांना वाटलं, मला तुर्की येतं आणि मी इतके दिवस लपवलं, म्हणजे शिव्याही सगळ्या कळल्या. मी सांगितलं, की आमच्या भागात पूर्वी निजामाचं राज्य होतं. राज्य गेलं, पण त्याचे शब्द आमच्याच घरात राहून गेले. तेव्हापासून तो खेळच झाला. दुनिया, हवा, दुकान, ताजा, हिशेब: त्या एक टाकायच्या, मी उचलायची. पाहुण्याला त्या मिसाफिर म्हणायच्या, साखरेला शेकेर आणि मला शेयतान. हा शेवटचा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही. म्हणून त्यांचं बोलणं मी इथे आमच्याच भाषेत लिहिते. माझ्या कानात ते तसंच आहे.

पुढे एका व्हिडिओ कॉलमध्ये नेनेंच्या डोक्यामागे भिंतीवरचा क्रूस दिसला आणि वडिलांचा पुण्याचा अंदाज कोसळला. तेवढ्यात नेने त्यांना "मरहबा" म्हणाल्या. वडिलांचा हात आपोआप कपाळाला गेला. नंतर मला म्हणाले, "पुण्याच्या नसतील, पण बाई खानदानी हाय." चकल्यांचं काय, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

खानदानी बाई मीठ चोरायच्या. रुमालाच्या गाठीत बांधून उशीखाली ठेवायच्या आणि मी पाठ फिरवली की सूपात सोडायच्या. त्यांना शुगर होती आणि हृदय थकलेलं होतं. त्यांचा मुलगा साठीला आलेला, एकटा, घड्याळं दुरुस्त करायचं दुकान चालवणारा, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मीठ कमी, गोड बंद, आणि आईला रडू द्यायचं नाही. पहिल्या दोन मला कळल्या. तिसरीचं कारण हळूहळू कळलं.

तटाच्या आत, पण रेषेच्या पलीकडे, त्यांचं चर्च होतं. पिवळसर दगडाचं, कित्येक शतकांपूर्वीचं. आधी ते परदेशी जोगिणींचं होतं, नंतर आर्मेनियन लोकांकडे आलं. नेनेंचा बाप्तिस्मा तिथला, शाळा त्याच अंगणातली, लग्नही तिथेच. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच शहरात दंगली पेटल्या आणि एका थंडीत आर्मेनियन मोहल्ला रिकामा झाला. नेने तेव्हा पोटुशी होत्या. एक गादी, शिलाई मशीन आणि नवरा, एवढं घेऊन त्या अलीकडे आल्या आणि मागे रेषा ओढली गेली. पुष्कळ वर्षांनी रेषेवरची चौकी उघडली तेव्हा त्या एकदा जाऊन आल्या. आत कबुतरं होती, गवत होतं, फरश्या फुटलेल्या. परत आल्यावर त्या इतक्या रडल्या की दवाखान्यात न्यावं लागलं.

मुलाने तेव्हाच ठरवलं, पुन्हा नाही. मग चर्च दुरुस्त झालं, ओळखीचे लोक बघून आले, चांगलं झालंय म्हणाले, तरी त्याचं नाही ते नाहीच. तो स्वतः तर कधीच गेला नव्हता. जिथून आईला हाकललं, तिथे पासपोर्ट दाखवून मी जाणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि त्याच्या ह्या बोलण्यापुढे मला तरी काही सुचायचं नाही.

नेनेंना सुचायचं. जुलैत बाजारात द्राक्षं आली आणि त्यांनी मला जवळ बोलावलं.

आर्मेनियन लोकांत नव्या द्राक्षांना ऑगस्टमध्ये, मेरीमातेच्या सणाला, चर्चमध्ये आशीर्वाद देतात. तोवर भाविक माणूस द्राक्ष तोंडात घालत नाही. मला हे लगेच पटलं. आमच्याकडेही तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरं-आवळे खायचे नसतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या पोरांनी ते कधी पाळलेलं नसतं, हेही मी नेनेंना सांगितलं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लहान असताना, सणाच्या दिवशी, प्रार्थना लांबली म्हणून त्या एका खांबापाशी मांडलेल्या द्राक्षांच्या टेबलाखाली शिरल्या. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत होती. आतून हात वर घालून त्यांनी एकेक द्राक्ष काढलं. पाद्रीबाबांनी आशीर्वादाला हात उचलला तेव्हा पुढच्या तबकात नुसत्या काड्या होत्या. त्यांना कानाला धरून अंगणात उभं केलं, सगळं गाव आशीर्वादाची द्राक्षं खात समोरून गेलं, आणि त्यांना एक मिळालं नाही.

तर आता त्यांना त्या खांबापाशी जाऊन, सणाच्या आधी, राजरोस द्राक्षं खायची होती. दर्शन वगैरे शब्द त्यांनी काढला नाही.

मी विचारलं, "एवढ्यासाठी जायचं?"

"मग रडाया जाऊ व्हय? ते झालंय माझं."

मी नर्स आहे. मी शुगरचं सांगितलं, हृदयाचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक अख्खा घोस मागितला. मी चार द्राक्षं म्हणाले. बाजारात मेंढीचा सौदा होतो तसा आमचा झाला आणि दहावर मिटला. सकाळची शुगर चांगली आली तरच, ही माझी अट. त्या दिवसापासून नेने इतक्या शहाण्यासारख्या जेवायला लागल्या, की मुलाने मला एकदा बाजूला घेऊन आईची तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

शुगर चांगली आली. मुलगा दुकानाला निघताना मी म्हणाले, आज नेनेंना तटाकडे हवेला नेते. कोणत्या बाजूच्या तटाकडे, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो गेल्यावर नेनेंनी जांभळा झगा घातला, मोत्यांची माळ घातली आणि ओठांना लाली लावायला मला आरसा धरायला लावला. द्राक्षं मी धुऊन, मोजून, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घेतली. व्हीलचेअर ढकलत आम्ही बाजाराच्या गल्लीतून चौकीशी आलो.

अलीकडच्या पोलिसाने पासपोर्ट बघून जाऊ दिलं. मग तो मधला पट्टा. दोन्ही बाजूंना कुलूपबंद घरं, खिडक्यांत वाळूची पोती, आणि सगळीकडे मांजरं. नेने तिथे माळेतले मणी तेवढे बोटांनी फिरवत होत्या.

पलीकडच्या चौकीत एक तरुण पोलीस होता. त्याने माझा पासपोर्ट उलटासुलटा केला, काहीतरी विचारलं. मला वाटलं, इथेच अडणार. पण नेनेंनी तुर्कीत असं काही सुरू केलं, की तो आधी खुर्चीतून उठला, मग त्याने केसांवरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहून मोबाईलवर फोटो काढला. तिथली तशी पद्धत असेल म्हणून मी सरळ उभी राहिले. पुढे गेल्यावर मी विचारलं, काय म्हणालात त्याला? नेने म्हणाल्या, खरं तेच सांगितलं.

चर्च दोन वळणांवर होतं. भिंतीआड अंगण, दोनचार उंच झाडं, आणि पुढे कमानींची दगडी ओसरी. ऊन त्या दगडावर पडून तो मधासारखा दिसत होता. पण दार बंद. झाडाखाली राखणदार बसला होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आज उघडत नाही, कार्यक्रम असला तरच. मला हायसं वाटलं. परत फिरलो तर मुलगा जेवायला येईपर्यंत घरी पोचलो असतो.

नेनेंनी त्याला सांगितलं, की त्यांची छत्री आत राहिली आहे.

कधी राहिली, असं त्याने विचारलं.

"तुजा जन्म व्हायच्या आदी," नेने म्हणाल्या.

ते दोघं तुर्कीत बोलत होते; काहीतरी जमलंय एवढंच मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. अर्थ नंतर कळला. तो माणूस खाली बघून हसला, उठला, आणि किल्ली आणायला गेला. उंबऱ्यावरून खुर्ची उचलताना पुढची बाजू त्यानेच धरली.

आत एकदम गार. छत इतकं उंच की मान दुखावी. जमिनीत जुन्या थडग्यांचे दगड बसवलेले, त्यांवर झिजलेली माणसं कोरलेली. बाकं नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या, भिंती धुऊन पुसून कोऱ्या केलेल्या. कबुतर एकही नव्हतं. नेनेंनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि बोटाने एक खांब दाखवला. मी खुर्ची तिथे नेली. टेबल कुठे होतं, चादर कोणत्या रंगाची होती, बहीण कुठे पहारा देत होती, सगळं त्यांनी मला दाखवलं. बहिणीने पाद्रीबाबा येताना खोकायचं ठरलं होतं. ऐन वेळी तिला खरा खोकला आला, म्हणून त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

मग मी डबा उघडला. त्यांनी पहिलं द्राक्ष तोंडात घातलं, डोळे मिटले आणि चावायला इतका वेळ लावला, की मी नाडी बघायला हात धरला. तो त्यांनी झटकला. दुसरं द्राक्ष त्यांनी दारात उभ्या असलेल्या राखणदाराला देऊ केलं. त्याने ते टोपी काढून घेतलं.

रडले ती मी. कशाने ते सांगता येणार नाही. आमच्या माळावर बिरोबाचं ठाणं आहे, चार दगड आणि एक लिंब. मेंढरं घेऊन निघताना आई तिथे डोकं टेकते आणि परत आल्यावर पुन्हा टेकते. आई मधेच थांबली आणि परत आलीच नाही तर त्या दगडांकडे कोण बघणार, असलं काहीतरी मनात आलं आणि डोळे भरले. मी तोंड फिरवलं, पण नेनेंनी पाहिलं होतं.

"रडून घे," त्या म्हणाल्या. "पोरानं मला न्हाई म्हनलंय, तुला न्हाई."

मी डोळे पुसेपर्यंत डब्यातली उरलेली द्राक्षं संपली होती. दहाच आणली होती म्हणून मी निश्चिंत होते. राखणदाराने अंगणातल्या द्राक्षवेलाच्या मांडवावरचा एक घोस त्यांच्या ओटीत कधी टाकला, हे मला बाहेर आल्यावर त्यांच्या फुगलेल्या गालफडावरून कळलं. मी हात पुढे केला. त्यांनी उरलेला घोस निमूट दिला, पण आधी त्यातली चांगली तीन-चार निवडून तोंडात घातली.

परत चौकीवर आलो तर तो तरुण पोलीस आमची वाटच पाहत होता. आता त्याच्याबरोबर आणखी दोघं होते. त्याने मला काहीतरी अदबीने विचारलं आणि तिघेही हात बांधून उभे राहिले. नेने म्हणाल्या, गाणं म्हण. मी म्हटलं, कावून? तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी भारतातली मोठी गायिका आहे आणि आवाजाला आराम म्हणून बेटावर आले आहे, असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं. मगाशी खरं तेच सांगितलं म्हणालात, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तू न्हाणीत गाते ते खरंच हाय की.

तीन पोलीस समोर आणि पासपोर्ट त्यांच्या हातात. मला एक गाणं धड आठवेना. शेवटी गळ्यातून आलं ते एवढंच: ओढ्यापलीकडे पांगलेली मेंढरं वळवायला माझे वडील देतात ती हाळी, लांबलचक, शेवटी जीभ टाळूला थरथरवून. मी डोळे मिटून ती पूर्ण दिली. त्या बंद घरांच्या गल्लीत ती अशी घुमली, की पट्ट्यातली मांजरं एकदम पळाली. पोलिसांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, हे शास्त्रीय आहे का. नेने म्हणाल्या, लई जुनं.

त्या अजून हसत होत्या, तेव्हा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मला मुलगा दिसला.

रेषेपलीकडे माझ्या फोनला नेटवर्क नसतं, हे मला माहीत नव्हतं. तो दुपारी जेवायला आला, घर रिकामं, फोन लागेना. तटाकडच्या बागेत शोधून आला. मग कपाटात जांभळा झगा नाही हे पाहिल्यावर त्याला कळलं. तो चौकीच्या अलीकडे उभा होता, दुकानातला एप्रन तसाच अंगावर. पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

माझ्यावर तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, की त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी मान खाली घालून उभी राहिले. माझं काम गेलं, असं मी धरूनच चालले होते. नेनेंनी माझ्या हातातल्या पिशवीत, जिच्यात तो घोस होता, हात घातला, एक द्राक्ष काढलं आणि मुलापुढे धरलं.

तो बराच वेळ त्या द्राक्षाकडे पाहत होता. सण पुढे होता, आणि तो तसा देवभोळा माणूस. मग त्याने ते घेतलं आणि खाल्लं. बी थुंकायला जागा सापडेना म्हणून ती त्याने खिशात टाकली.

"दार उघडं होतं?" त्याने मला विचारलं.

मी म्हणाले, उघडून घेतलं. छत्रीचं सांगितलं. गायिकेचं सांगितलं नाही. तो हसला नाही, पण खुर्चीचे दांडे त्याने माझ्या हातातून घेतले आणि घरापर्यंत स्वतः ढकलत नेली. संध्याकाळी शुगर चढलेली निघाली. नेने म्हणाल्या, मशीन बिघडलंय. मुलगा घड्याळं उघडायचा तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खरंच मशीन उघडायला बसला, आणि मला ते त्याच्या हातातून काढून घ्यावं लागलं.

ऑगस्टमध्ये, सणाच्या सुमाराला, त्या चर्चमध्ये एक दिवस प्रार्थनेची परवानगी मिळाली. मुलाने काही न बोलता तिघांचे कागद एका पिशवीत घातले. आम्ही गाडीने गेलो. अंगणात पुष्कळ लोक होते, बरेचसे नेनेंच्या वयाचे, एकमेकांना हात लावून ओळखणारे. आत टेबलावर द्राक्षांची तबकं होती. मुलगा दारातच थांबला. आईने काठीने टोचलं तेव्हा आत आला. प्रार्थनेत मधे मधे सगळे म्हणायचे तेवढं त्याला येत होतं. तो ते भिंतीकडे बघून म्हणत होता.

प्रार्थना झाली, लोक बाहेर पडायला लागले. त्याने आईला विचारलं, लग्नात बाबा कुठे उभे होते. नेनेंनी मला खुर्ची वळवायला लावली, थोडी पुढे, थोडी डावीकडे, आणि वरच्या खिडकीतून ऊन पडत होतं तिथली फरशी काठीने दाखवली. तो त्या फरशीवर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात मागे बांधून, जरा वाकून, शाळेत फोटो काढताना पोरं उभी राहतात तसा.

परतताना गाडीत तो पुढे होता, आम्ही मागे. नेने माझ्या कानाशी आल्या. मला वाटलं आता रडणार.

"कुटं हुबा होता मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी खालीच बघत व्हते. पन उजेड तिथं चांगला होता."